गाडीचा कॉम्प्युटर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सरू लागला की जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातल्या आणि चोर्ला घाटातून गोव्याला नित्य ये-जा करणाऱ्या गाड्या साधारण एकाच प्रकारच्या तक्रारी घेऊन गॅरेजमध्ये येऊ लागतात. इंजिनचा पिवळा दिवा मध्येच लागतो आणि मध्येच विझतो, मीटरचे काटे नाचतात, गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडते आणि दोन मिनिटांनी काहीच घडले नसल्यासारखी चालू होते. मी गेली 26 वर्षे या भागात मोटारींचे वायरिंगचे काम करतो. अशा तक्रारींवर 'गाडीचा कॉम्प्युटर गेला' असा निकाल किती सहजपणे दिला जातो, हे वारंवार पाहिल्यामुळे आपल्या वाचकांसाठी हे पत्र लिहीत आहे.

मागच्या वर्षी जांबोटीकडच्या एका शेतकऱ्याची पिकअप माझ्याकडे आली. पहाटे भाजी घेऊन बेळगावच्या मार्केटला निघताना हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढायचा आणि उजाडल्यावर हेडलाइट बंद केले की आपोआप खाली यायचा. आधी दाखवलेल्या एका वर्कशॉपने स्कॅनर, म्हणजे गाडीतले दोष वाचणारे यंत्र, लावून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलण्याचा 42,000 रुपयांचा अंदाज हातात दिला होता. इंजिन खरोखर तापत असते, तर ते दिव्यांच्या बटणाप्रमाणे तापले आणि निवले नसते, एवढी शंका तरी तेव्हाच यायला हवी होती.

मोटारीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू वायरींनी सगळीकडे फिरवलेली असते, पण परतीच्या करंटसाठी मुख्यतः गाडीचा पत्रा आणि इंजिनचा धातू हीच वाट असते. या वाटेलाच आपण अर्थ किंवा अर्थिंग म्हणतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असल्याने इंजिन आणि बॉडी एकमेकांना जोडण्यासाठी तांब्याची विणलेली पट्टी लावावी लागते. त्या पिकअपमध्ये बॅटरीची निगेटिव्ह केबल थेट इंजिनला होती आणि बॉडीला अर्थ मिळत होता तो केवळ गिअरबॉक्सजवळच्या अशा एका पट्टीतून. तांबड्या चिखलाने आणि ओलीने ती पट्टी हिरवी पडून तिच्या मोजक्याच तारा शिल्लक राहिल्या होत्या. हेडलाइटचा करंट तेवढ्या तारांतून परत जाताना बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा 0.9 व्होल्ट वर उचलली जात होती. ईसीयूचा अर्थ बॉडीला आणि तापमानाच्या सेन्सरचा अर्थ इंजिनला असल्यामुळे सेन्सरचे व्होल्टेज ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होते, आणि या सेन्सरमध्ये कमी व्होल्टेज म्हणजे जास्त तापमान. म्हणजे ईसीयूचे गणित बरोबरच होते. फक्त तो ज्या पायावरून मोजत होता, तो पायाच सरकला होता. काही शे रुपयांची पट्टी बदलली, बोल्टखालचा पत्रा घासून चकचकीत केला आणि ती पिकअप त्याच जुन्या ईसीयूवर आजही धावते आहे.

ही तपासणी ज्या पद्धतीने होते, तिच्याविषयी माझी खरी तक्रार आहे. बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे वाटेतला अडथळा मोजण्यावर, ठेवून पट्टीची दोन टोके तपासतात आणि शून्य दिसले की अर्थ ठीक म्हणून पुढे जातात. मीटर त्या वेळी अगदी क्षीण करंट सोडतो आणि तेवढ्याला एक तारही पुरते. स्टार्टर मात्र सेल मारताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. त्या वाटेत ओहमचा केवळ शंभरावा भाग अडथळा असला, तरी 150 अँपिअरला दीड व्होल्ट वाया जातो, आणि इतका लहान अडथळा साध्या मीटरवर दिसतच नाही.

म्हणून अर्थ नेहमी करंट वाहत असतानाच तपासावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळा प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचे टोक, बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरावा. तो केबलच्या क्लॅम्पवर धरू नये, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामधली पांढरी बुरशी हाच पुष्कळदा दोष असतो. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल मारायला सांगावा, आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा खाली असावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल आणि जोड सोडून पाहावेत. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून तीच मोजणी बॉडीवर करावी, आणि शेवटी ईसीयूच्या अर्थच्या पिनवर, कनेक्टरच्या मागून, वायरचे आवरण न टोचता करावी, तिथे 0.1 व्होल्टहून जास्त मी तरी चालवून घेत नाही. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात. स्कॅनरच जोडला जात नसेल, तर त्याच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये 16 नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि 4 व 5 नंबरला अर्थ मिळतो का, ते आधी बघावे. स्कॅनर जोडला गेला नाही, तेवढ्यावरून ईसीयू मेला असे म्हणणे घाईचे आहे.

आपल्याकडे अर्थ बिघडायला पाऊस एकटाच कारणीभूत नसतो. अपघातानंतर पत्र्याचे काम करताना अर्थच्या बोल्टखाली रंग मारला जातो आणि रंगातून करंट जात नाही. जास्तीचे दिवे किंवा म्युझिक सिस्टिम बसवणारा हाताशी आलेल्या, म्हणजे नेमक्या ईसीयूच्या अर्थच्या बोल्टवरच आपली वायर दाबतो. सर्वांत वाईट प्रकार वेल्डिंगचा आहे. बॅटरी न सोडता पिकअपच्या हौद्याला आर्क वेल्डिंग करतात आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कुठेतरी लांब चेसिसला लावतात. तो करंट परतताना वायरिंगमधून वाट काढतो आणि त्यात चांगला ईसीयू खरोखरच जळू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडावी, ईसीयूचे कनेक्टर काढावेत आणि क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा, हे गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांना कुणीतरी नीट सांगायला हवे.

ईसीयू कधीच बिघडत नाही, असे माझे म्हणणे नाही. आत पाणी शिरलेले मी पाहिले आहेत. पण नव्या ईसीयूचा खर्च मोठा असतो आणि जुना आणून बसवला, तर इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या किल्लीच्या यंत्रणेच्या, जुळणीशिवाय बहुतेक गाड्या चालूच होत नाहीत. शिवाय अर्थचा दोष तसाच राहिला, तर तीच तक्रार नव्या ईसीयूवरही परत येते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर मालवाहू पिकअपमध्येही सेन्सर वाढले आहेत, तेव्हा हा प्रश्न आता केवळ महागड्या मोटारींचा राहिलेला नाही.

सीमाभागातली आपली पुष्कळ मुले गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकतात. स्कॅनर त्यांना लवकर येतो, ही व्होल्टची मोजणी मात्र कुणी शिकवत नाही. माझ्या गॅरेजमध्ये रविवारी सकाळी ती दाखवायला मी तयार आहे. गाडीमालकांना माझी विनंती एवढीच आहे की ईसीयू बदलायला होकार देण्यापूर्वी, सेल मारताना इंजिनच्या अर्थवर आणि दिवे लावून बॉडी व ईसीयूच्या अर्थवर किती व्होल्ट मिळाले, हे तीन आकडे वर्कशॉपकडून कागदावर लिहून घ्यावेत.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, खानापूर (जि. बेळगाव)