थांबता येईल एवढी पुंजी

लातूर,
रविवार

चि. ताई हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

येळवशीच्या सणाला तुझी फार आठवण झाली. रानात भज्जी आणि आंबील नेहमीसारखीच केली, पण तू नव्हतीस म्हणून आईचा घास उतरत नव्हता. असो. आता मुद्द्याचं लिहितो. पगार येतो आणि महिनाअखेर उरत नाही, मग पैसा जोडायचा तरी कसा, असं तू फोनवर विचारलंस. सोबतच्या एकीनं हप्त्यावर गाडी घेतली, दुसरा मोबाइलवर शेअर बाजारातल्या ऑप्शनचे सौदे करतो, आणि आपणच मागं राहिलो असं तुला वाटतंय. हे फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. आज मोंढ्यातला धान्यबाजार बंद आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

मी जन्मभर शेतमालाच्या आडतीवर हिशोब लिहिणारा मुनीम राहिलो. हाताखालून गेलेला पैसा दुसऱ्यांचा होता, पण तो कुणाकडे टिकतो आणि कुणाकडून निसटतो हे त्या गादीवरून फार स्वच्छ दिसतं. एकाच गावचे दोन शेतकरी एकाच दिवशी सोयाबीन आणतात. वाण तोच, ओल तेवढीच, मातेरं तेवढंच. सौदा निघतो, खरेदीदार पोटलीतले दाणे तळहातावर घेतो आणि भाव बोलतो. एक शेतकरी म्हणतो, "पटत नाही, माल राहू द्या." दुसरा खाली बघून म्हणतो, "काटा लावा." दुसऱ्याला खताच्या दुकानाची उधारी आहे, पोराची फी आहे, नाहीतर सावकाराकडून महिना शेकडा तीन रुपयांनी काढलेले पैसे आहेत. दोघांचं रान सारखं, घाम सारखा. पहिल्याच्या घरात पुढच्या सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे, फरक एवढाच.

खरेदीदाराला मी दोष देत नाही. स्वस्तात घेणं हे त्याचं काम, महागात विकणं हे आपलं. समोरचा नडलेला आहे हे त्याला चेहऱ्यावरूनच कळतं, आणि मग भावात दोनशे रुपये कमी व्हायला वेळ लागत नाही. माझ्या लेखी श्रीमंत तो, ज्याला सौद्यात "नाही" म्हणता येतं. बंगला, गाडी हे नंतरचं.

आपल्याकडे एक बोलणं सारखं ऐकू येतं की खुल्या बाजारानं शेतकरी बुडवला. माझा अनुभव याच्या उलट आहे आणि तो तुला नीट सांगितला पाहिजे, कारण तुझ्या पिढीला ते दिवस माहीत नाहीत. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस पिकवायचा तुम्ही, पण विकायचा सरकारलाच. राज्याबाहेर न्यायला बंदी. किनवट, भोकरकडचा शेतकरी सीमेपलीकडं आदिलाबादला भाव जास्त दिसला की रात्री गाडी जुंपायचा, आणि पकडला गेला तर स्वतःच्याच रानातल्या मालाचा तस्कर ठरायचा. काही वर्षी इथला भाव वरचढ असायचा, तेव्हा बाहेरचा कापूस इकडं शिरायचा आणि तोटा सरकारी तिजोरीवर बसायचा, हेही खरं. पण मूळ गोष्ट ही की घेणारा एकच असला की "नाही" म्हणायची सोयच उरत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं अधिवेशन १९८४ साली परभणीत भरलं. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही त्या चळवळीची घोषणा मराठवाड्यातल्या गावागावांत पोचली, ती याच दुखण्यामुळं. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आलेला तो माणूस अनुदान वाढवा म्हणत नव्हता. आमच्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हा, असं म्हणत होता.

आणि हे जुनं झालेलं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. लगेच केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. तुरीचं तेच. २०२१ पासून आयात खुली, २०२३ च्या जूनमध्ये साठ्यावर मर्यादा. भाव चढला की दार बंद होतं, भाव पडला की कुणी दार ठोठावत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात ते त्याच्या कितीतरी खाली विकलं गेलं, ते मी स्वतः खात्यावर चढवलंय.

खुल्या बाजारात भाव पडणार नाही असं मी म्हणत नाही. पडतो. ब्राझीलला पीक जोरात आलं की इथं औशाच्या माणसाला झळ लागते. म्हणून माझं म्हणणं असं की माणसाला दोन मोकळीका लागतात. एक कायद्यानं दिलेली, की माल कुणालाही, कुठंही विकता येईल. दुसरी स्वतःच्या घरातली, की आज विकलंच पाहिजे असं नसेल. पहिलीसाठी भांडावं लागतं आणि त्यात पिढ्या जातात. दुसरी तुझ्या हातात आहे, आणि पगार सुरू झाल्यापासून ती कमवायला तुला दोन-तीन वर्षं पुरतील.

नोकरी हाही सौदाच आहे, ताई. तुझ्याकडं सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर साहेबांनी रविवारी बोलावलं की "नाही" म्हणायला तुझा आवाज कापणार नाही. पगारवाढ मागताना कापणार नाही, आणि दुसरीकडं जास्त शिकायला मिळत असेल तर कमी पगारावर जायलाही नाही. म्हणून पहिलं काम हे. पुण्यातलं भाडं, मेस, प्रवास, घरी पाठवतेस ते, सगळं वहीत लिही. त्याची सहापट रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव आणि ती आहे हे विसरून जा. घरी पाठवणं सध्या बंद कर. आम्हाला नड नाही.

गाडीच्या हप्त्याचं म्हणशील तर बीडची ऊसतोड आठव. दिवाळीच्या आधी मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. पैसा आधी खर्च होतो, मग पूर्ण हंगाम तो फेडण्यात जातो, आणि शेवटी हिशोबात बाकी निघाली की पुढचं वर्षही त्याच मुकादमाकडं. मजुरीचा दर काय, काम किती तास, कुठल्या कारखान्यावर जायचं, यातलं काहीच बोलायची जागा उरत नाही. त्या लोकांना दुसरा मार्ग नसतो, म्हणून ते उचल घेतात. ज्याला मार्ग आहे त्यानं हौसेनं उचल घ्यावी हे मला पटत नाही. कर्ज वाईटच असं नाही. ज्या वस्तूतून हप्त्यापेक्षा जास्त पैसा येतो तिच्यासाठी काढावं. दारात उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी काढू नये.

व्याजाचा एक हिशोब पाठ करून ठेव. ७२ ला व्याजदरानं भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते कळतं. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे चोवीस महिन्यांत दुप्पट. आपल्या भागातली किती रानं या एका ओळीत गेली हे मी खातेवह्यांतून बघितलंय. पण हाच हिशोब तुझ्या बाजूनंही चालतो. महिन्याला १०,००० रुपये बाजूला टाकलेस आणि वर्षाला सरासरी १० टक्के वाढ धरली, तर दहा वर्षांत साधारण साडेवीस लाख होतात आणि वीस वर्षांत पंच्याहत्तर लाखांच्या वर. पहिल्या दहा वर्षांत तुझे स्वतःचे बारा लाख, पुढच्या दहांतही बारा, पण वाढ बघ कुठं होते. १० टक्के मिळतीलच अशी हमी कुणी देत नाही. तरीही निफ्टीचा, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा, साधा इंडेक्स फंड, तोही डायरेक्ट, म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन वाचतं, आणि थोडं पीपीएफमध्ये, एवढं तुला पुरे. पीपीएफ पंधरा वर्षांचं आहे ही लोकांची तक्रार असते. मला तोच त्याचा गुण वाटतो.

ऑप्शनवाल्या मित्राला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल दाखव. तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी ९३ टक्क्यांनी पैसा घालवला, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. खरेदीदाराकडं गोदाम आहे, डाळमिल आहे, तो वायदा करतो तेव्हा त्यामागं माल असतो. मोबाइलमागं काय असतं?

जास्त व्याजाच्या ठेवींचंही सांगून ठेवतो. आपल्या नात्यातल्या एकांनी निवृत्तीचा पैसा एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवला होता, तो अजून अडकलेला आहे आणि ते तारखा मोजतायत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बँकेपेक्षा कुणी चार टक्के जास्त देतो म्हणाला, तर ते चार टक्के कुठून येणार हे त्याला विचार. सांगता आलं नाही तर उठून ये.

आता तुझ्या डाळमिलच्या विचाराबद्दल. अन्नतंत्राचं शिक्षण परभणीत घेतलंस, पुण्यात कारखाना आतून बघतेस, आणि काही वर्षांनी इकडं येऊन स्वतःचं करायचं म्हणतेस, याचा मला फार आनंद आहे. "जालना सोने का पालना" असं लोक म्हणतात. त्याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. चांगलं बियाणं शेतकरी पैसे मोजून घेईल, हे त्यांनी ओळखलं. कुणाला कशाची गरज आहे आणि तो त्यासाठी किती मोजेल, हे ओळखता येणं ही खरी भांडवलाची सुरुवात आहे.

पण हिशोब कडक कर. समज तूर ७,००० रुपये क्विंटलनं घेतली. तिच्यातून ७० ते ७५ किलो डाळ निघते, म्हणजे फक्त कच्च्या मालाचेच किलोला ९३ ते १०० रुपये झाले. चुणी आणि टरफल जनावरांच्या खाद्याला जातं, त्याचे थोडे परत येतात. वीज, मजुरी, पोती, भाडं, घट हे सगळं वर. मग डाळ कुठल्या दुकानदाराला, कुठल्या भावानं, किती दिवसांच्या उधारीवर? या उधारीतच नव्या मिल बंद पडतात, यंत्रात नाही. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना चालू असेल तर तिच्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं. तू हिशोब अनुदान शून्य धरून कर. तसा उभा राहिला तरच अर्ज भर. अनुदान धरून उभा राहत असेल तर तो धंदा नाही, अनुदानाची वाट बघणं आहे.

तूर हंगामात भाव पडलेला असताना घ्यावी लागेल आणि डाळ सावकाश विकावी लागेल. पण आणणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हाच विकणं भाग पडू नये, म्हणून त्याच्यासाठी असलेली बाजार समितीतली शेतमाल तारण योजना समजून घे. पणन मंडळानं ती १९९०-९१ पासून चालवली आहे. शेतकऱ्यानं माल गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्क्यांनी मिळते. सावकाराचे ३६ आणि हे ६. तरी आमच्या मोंढ्यात दुसऱ्या दिवशीच काटा लावणाऱ्यांची रांग असते, कारण योजना माहीत नसते किंवा कागद करायचा धीर नसतो. तुझ्याकडं तूर आणणाऱ्या शेतकऱ्यांना तू हे सांग. तुला तूर थोडी महाग पडेल, पण ते पुढच्या वर्षी तुझ्याकडंच येतील.

आणखी एक, आणि हे आईशी बोलून लिहितोय. तुझ्या लग्नासाठी म्हणून आम्ही पैसा साठवत आलोय. मांडव, मानपान, हजार पंगती यांत तो एका दिवसात संपावा असं आम्हाला दोघांनाही वाटत नाही, आणि हुंडा मागणाऱ्याच्या घरात तुला द्यायचीच नाही. लग्न साधं करू. तो पैसा तुझं भांडवल आहे. रानातही तुझा हिस्सा धाकट्याएवढाच. महाराष्ट्रात हा कायदा १९९४ सालीच झाला, तरी आपल्याकडं बहिणींकडून हक्कसोड लिहून घ्यायची रीत आहे. आपल्या घरात तो कागद होणार नाही. धाकट्याला हे सांगून झालंय आणि त्याला पटलंय.

उदगीरच्या एका डाळमिलवाल्यांशी बोललोय. हंगाम सुरू असताना दोन दिवस येऊन बघा म्हणाले. शनिवार-रविवार धरून ये. मिल चालू असताना बघ, घट किती येते ते स्वतः वजन करून लिहून घे, आणि दुकानदारांची येणी किती दिवसांची आहेत ते जरूर विचार. खर्चाची वही सोबत आण. आई कारळाची चटणी करून ठेवतेय.

बाकी सर्व क्षेम.

तुझे बाबा