श्रद्धा हवी, पण जखम झाकायला नको

मा. संपादक,

मनावर आघात झालेल्या माणसाला 'देवावर सोडून दे' हा सल्ला हमखास मिळतो. मलाही मिळाला. भाऊ अपघातात गेल्याची बातमी मध्यरात्री फोनवर आली होती. पुढची कित्येक वर्षे रात्री फोन वाजला की तळहात घामेजायचे, दातांवर दात घट्ट आवळले जायचे. प्रार्थना रोज करत होते. पण खरे सांगायचे तर तो आवाज आठवू नये म्हणूनच करत होते.

फरक पडला तो प्रार्थनेआधी दोन मिनिटे नुसते बसून 'आत्ता अंगात काय होतेय' हे पाहू लागल्यावर. भीती होती, राग होता आणि हो, तो देवावरही होता! हे स्वतःशी कबूल केले तेव्हा कुठे रडू फुटले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी दाखवले आहे की संकटात 'देव सोबत आहे' ही भावना आधार देते, तर 'देव शिक्षा करतोय' ही भावना माणसाला आणखी खचवते. 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणत सांत्वनाला येणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) हे निदान अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० साली आले. त्यावर उपचार आहेत. मी समुपदेशकाकडे गेले तेव्हा एका नातेवाइकाने विचारले, "श्रद्धा कमी पडली का?" उलट, श्रद्धा होती म्हणूनच त्या दारापर्यंत पोचले. रात्री फोन अजूनही वाजतो. आता दुसऱ्या रिंगला उचलते.

— एक वाचक