कुलूप लावायच्या विचारात असलेल्या मित्रास

फोंडा, गोवा
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मी वाचलं, मग हिच्या हातात दिलं. रात्री जेवताना आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. तुझ्या कुडाळच्या कोकमाच्या धंद्यातला सुपरवायझर हंगामाच्या तोंडावर दोन पोरांना घेऊन निघून गेला आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकंही सोबत नेली, हे वाचून पोटात कालवलं. सात वर्षं तुमच्या घरात तो चहा प्यायला. वहिनींना किती लागलं असेल, ते न लिहिताही कळतं.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘आता बाहेरचा माणूस नकोच. आम्ही घरचे मिळून जमेल तेवढं करू, नाही जमलं तर कुलूप.’ त्यावर मला सविस्तर बोलायचंय.

असं करू नकोस. तुझ्या शेडमध्ये अजून नऊ माणसं कामाला येतात आणि त्यांनी काहीही केलेलं नाही. शिवाय घरची माणसं घेतली की धंदा सुरक्षित होतो, हा समजही खरा नाही. घरातल्या भावाच्या हातात माल, पैसा आणि गिऱ्हाईक तिन्ही गेलं आणि उद्या भांडण झालं, तर तिथे तू हिशेबही मागू शकणार नाहीस.

आमच्या काजूच्या कारखान्यात जे घडलं ते तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं. आज नीट सांगतो, कारण त्यातून जे हाती लागलं ते तुझ्या उपयोगाचं आहे.

आमच्याकडे बी वाफवली जाते, फोडली जाते, गर बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकतो, मग बायका साल काढतात, शेवटी ग्रेडिंग आणि डबे. ८० किलोच्या पोत्यातून बी चांगली असेल तर एकवीस-बावीस किलो गर निघतो. सगळे जण या आकड्यावर लक्ष ठेवतात, आम्हीही ठेवत होतो, आणि तो आकडा कायम बरोबर यायचा. चोरी वजनात नव्हतीच, ग्रेडमध्ये होती. अख्ख्या पांढऱ्या गराला डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे आकडे असतात. म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त तितके गर. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. आमचा ग्रेडिंग बघणारा माणूस २४० चा माल ३२० च्या डब्यात भरायचा. डबे तोच सील करायचा, व्यापाऱ्याकडे तोच पाठवायचा आणि वसुलीही तोच आणायचा. व्यापाऱ्याशी त्याचं आतून ठरलेलं होतं, मधला फरक दोघे वाटून घेत. आमच्या वहीत मात्र किलो जुळायचे, पैसे जुळायचे, सगळं स्वच्छ दिसायचं.

हे उघडकीला कसं आलं, तर तो मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला गावी गेला. एरवी तो रजा म्हणून घेत नसे. तापात यायचा, रविवारी यायचा, आणि आम्ही त्याचं कौतुक करायचो. त्याच्या जागी साल काढणाऱ्या बायकांतली एक जुनी, जाणती बाई बसवली. तिने तयार डब्यातले मूठभर गर हातावर घेतले आणि म्हणाली, हे तीनशे वीस नव्हेत. तराजूवर ४५४ ग्रॅम घेतले आणि मोजले. दोनशे तीसच्या आसपास भरले. मग मागचे डबे उघडले.

तेव्हापासून आमच्याकडे माल, पैसा किंवा गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून सलग आठवडाभर रजा घ्यायचीच, आणि त्या आठवड्यात त्याचं काम दुसऱ्याने करायचं. त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. काम दोघांना येऊ लागतं. तुझा सुपरवायझर गेला आणि अमृत कोकमाच्या पाकाचं प्रमाणही गेलं, असं तू लिहिलंस. तुझी खरी हानी तिथे आहे, मित्रा. त्याचा स्वभाव कसा निघाला हा भाग वेगळा. तो बसखाली सापडला असता किंवा दुबईला गेला असता, तरी तुझं नुकसान हेच झालं असतं. धंद्याचं इतकं ज्ञान एकाच डोक्यात असेल, तर ते डोकं कितीही प्रामाणिक असो, धंदा उघडा पडलेलाच असतो.

म्हणून आधी प्रमाणं लिहून काढ. कोकमं किती आली, साल किती निघाली, वाळून किती उरली, साखर किती, सरबत किती, हे तू स्वतः तीन-चार घाण्यांना उभा राहून मोज. पुस्तकातला आकडा घेऊ नकोस, तुझ्या फळाचा आणि तुझ्या वाळवणीचा आकडा काढ. आणि घट किती यायला हवी, हे कळल्याशिवाय कोणावर बोट दाखवू नकोस. बोरम्यात गराचा ओलावा जातो, वजन उतरतं. ते ठाऊक नसेल तर नसलेली चोरी दिसते आणि गरीब माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. मी असं एका कारखान्यात घडताना पाहिलंय.

मग हातबदलाची नोंद. आमच्या प्रत्येक लॉटबरोबर एक कार्ड फिरतं. फोडणीकडून बोरम्याकडे, बोरम्याकडून सालीकडे, तिथून ग्रेडिंगकडे जाताना वजन होतं, देणारा आणि घेणारा दोघे सही करतात. ग्रेड ठरवणारा डबा सील करत नाही, माल पाठवणारा पैसे आणत नाही. माणसं कमी आहेत म्हणून हे जमणार नाही असं तुला वाटेल. तुमच्या शेडमध्ये दहा-बारा माणसांत तीन हात वेगळे करणं अवघड नाही, आणि तिसरा हात तुझा स्वतःचा असू दे. वसुलीचा धनी तूच. काउंटरवरचा क्यूआर धंद्याच्या खात्याचाच आहे ना, हेही आठवड्यातून एकदा स्वतःच्या मोबाइलवरून एक रुपया पाठवून बघत जा.

गिऱ्हाइकांचे नंबर धंद्याच्या सिमवर, धंद्याच्या फोनमध्ये. तो फोन रात्री शेडमध्येच राहतो. वर्षातून एक-दोनदा मोठ्या गिऱ्हाइकाशी तू स्वतः बोल, चतुर्थीला, दिवाळीला. तुझा आवाज त्याच्या ओळखीचा हवा.

आमच्याकडचं प्रकरण बाहेर आल्यावर सगळ्या बायकांना एकत्र बसवून काय झालं ते सांगितलं. नाव न घेता, तिखटमीठ न लावता. दबक्या आवाजात कुजबुज होण्यापेक्षा ते बरं. मला वाटलं होतं, वजनाची, सह्यांची नवी पद्धत ऐकून त्या दुखावतील. त्यांच्यातली एक उभी राहिली आणि म्हणाली, ‘पात्रांव, दर दिसा वजन करून बरोवन दवरात.’ म्हणजे, मालक, रोज वजन करून लिहून ठेवा. तिचं म्हणणं असं की, इतके दिवस काही कमी पडलं की संशय आमच्यावरच यायचा, आता कागद बोलेल. नोंदवहीचा अर्थ मला त्या दिवशी पुरता उमगला. प्रामाणिक माणसाकडे आपला प्रामाणिकपणा दाखवायला दुसरं साधन नसतं. विश्वास असेल तर हिशेब कशाला, असं आपल्याकडे मोठ्या प्रेमाने म्हटलं जातं. विश्वास टिकावा असं वाटत असेल, तर त्या माणसाला हिशेबाचा आधार दे.

आता तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी, ज्या मला पटल्या नाहीत.

पहिली, तू त्याचा शेवटचा पगार अडवलायस. तो आजच दे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. शिवाय तुझ्याकडे दहाहून जास्त माणसं होती आणि त्याने सात वर्षं भरली, म्हणजे ग्रॅच्युइटीही लागते. वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून. त्याचं वेतन १८,००० असेल, तर सात वर्षांचे सुमारे ७२,७०० रुपये होतात. तुला हे कडू वाटेल, मला माहीत आहे. पण तो राजीनामा देऊन गेलाय, नुकसान केलं म्हणून तू काढलेलं नाहीस, त्यामुळे ही रक्कम रोखायला तुझ्याकडे आधार नाही. उद्या त्याने अर्ज केला तर व्याजासकट द्यावी लागेल, आणि मागे राहिलेले नऊ जण बघत असतील ते वेगळंच. यापुढे दर महिन्याला प्रत्येकाच्या नावे थोडी रक्कम वेगळी काढत जा, म्हणजे एकदम ओझं येणार नाही.

दुसरी, नव्या माणसांकडून ‘पाच वर्षं सिंधुदुर्गात हा धंदा करणार नाही’ असा बाँड लिहून घ्यायचा तुझा विचार. त्या कागदावर पैसे घालवू नकोस. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असं आहे की, माणसाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दच. नोकरीत असताना दुसरीकडे काम करायचं नाही, एवढं लिहून घेता येतं. गिऱ्हाइकांची यादी, भाव, प्रमाणं ही धंद्याची गुपितं आहेत आणि ती बाहेर न्यायची नाहीत, हेही लिहिता येतं. पण नोकरी सोडल्यावर माणूस कोकमाचा धंदाच करणार नाही, असं तू त्याला बांधू शकत नाहीस, आणि बांधू नयेसही. त्याने तुझ्याकडे हात शिकवून घेतलेत, पोट त्यावरच भरणार.

चोरी झालीच तर पोलिसांत जायचा रस्ता आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६ आणि विश्वासघाताने अपहार केला तर कलम ३१६. पण हातात सह्यांची कार्डं आणि पावत्या नसतील तर तक्रार नुसती बोलाची राहते. आम्ही वकिलाची नोटीस दिली, कागद समोर ठेवले, त्याने लिहून दिलं आणि हप्त्यांनी काही रक्कम परत आली. सगळी आली नाही. त्या व्यापाऱ्याशी व्यवहार बंद केला आणि बाजारात मात्र कोणाचीही बदनामी केली नाही.

आणि एक. तुमच्याकडचे काही लोक रजिस्टरवर नऊच माणसं दाखवतात, दहावा झाला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागतो म्हणून. इकडेही दाखवतात. तू त्या वाटेला जाऊ नकोस. मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का, तेही २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्यांचे. आमच्याकडे एका बाईचं बोट फोडणीच्या यंत्रात सापडलं तेव्हा तिचा इलाज ईएसआयमधून झाला आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसेही तिला मिळाले. नोंद नसती तर भरपाईचा सगळा भार आमच्यावर आला असता, आणि तिच्या नवऱ्यासमोर उभं राहायला आम्हाला तोंड उरलं नसतं. ज्याला लोक खर्च म्हणतात, त्याने त्या वर्षी आमचा कारखाना वाचवला. दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही नेमायची असते, २०१३ च्या कायद्याने. शेडमध्ये बायका जास्त आहेत, तेव्हा हे वहिनींशी बोलून लगेच कर.

त्या दोन पोरांचं वेगळं सांगतो. त्यातला लहान परत यायला बघतोय असं तू ओझरतं लिहिलंस. त्याला घे. वीस-बावीस वर्षांचा पोर मोठ्या माणसाच्या मागे जातो, त्यात कपट नसतं. पण या वेळी नेमणूकपत्र देऊन घे. काम काय, वेतन किती, सुट्टी किती, किती दिवस आधी सांगून सोडायचं, सगळं त्यात असू दे. ते आता सगळ्यांना द्यावंच लागतं. आणि बाकीच्या नऊ जणांनाही त्याच दिवशी दे, नाहीतर पळून गेलेल्याला पत्र आणि राहिलेल्यांना काही नाही, असं दिसेल.

आमच्या नेमणूकपत्राचा नमुना आणि लॉटचं कोरं कार्ड सोबत पाठवतोय. पत्रातलं पाचवं कलम काजूच्या ग्रेडबद्दल आहे, ते खोडून तिथे तुझी प्रमाणं घाल. कार्डावर ‘बोरमा’ आहे तिथे ‘वाळवण’ कर. आणि सही करण्याआधी कुडाळच्या एखाद्या वकिलाला दाखव, तुमच्याकडे महाराष्ट्राचे नियम थोडे वेगळे असतात. फेब्रुवारीच्या शेवटी आमची बी येऊ लागली की मला हलता येणार नाही, म्हणून त्याआधीच्या एखाद्या शनिवारी मी कुडाळला येतो. दोन दिवस राहीन, वजनाची आणि कार्डांची पद्धत आपण मिळून बसवू. वहिनींना सांग, जेवणाला काही खास नको, तुमच्याकडची सोलकढी पुरे.

हिचा तुम्हा दोघांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
फोंड्याचा मित्र