नवशिक्यांसाठीच्या डीजे संचाबाबत तक्रार : उणीव यंत्रात, सल्ला मात्र अपग्रेडचा

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : ‘नवशिक्यांसाठी परिपूर्ण’ म्हणून विकलेल्या डीजे संचातील मूलभूत उणिवा आणि त्यावर मिळालेला अपग्रेडचा सल्ला यांबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी आठ महिन्यांपूर्वी दोन डेकचा कंट्रोलर (लॅपटॉपवरची दोन गाणी हाताने वाजवून एकमेकांत मिसळण्याचे यंत्र), हेडफोन आणि सॉफ्टवेअर असा एकत्रित संच विकत घेतला. खरेदीची पावती आणि ग्राहक सेवा विभागाशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. संच बंद पडलेला नाही, त्याचे एकही बटण मोडलेले नाही, आणि म्हणूनच माझी तक्रार आपल्या ठरावीक अर्जातल्या कोणत्याच रकान्यात बसली नाही. माझे म्हणणे असे की, नवशिका माणूस ज्या दोन गोष्टी शिकण्यासाठी कंट्रोलर घेतो, त्या दोन्ही या संचावर नीट शिकता येत नाहीत, आणि खरेदीपूर्वी हे कोठेही सांगितलेले नव्हते.

पहिली गोष्ट पुढचे गाणे आधी कानात ऐकण्याची. श्रोत्यांसाठी एक गाणे वाजत असताना डीजेला दुसरे गाणे फक्त हेडफोनमध्ये ऐकून त्याची लय जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी दोन स्वतंत्र स्टिरिओ जोड्या, म्हणजे एकूण चार चॅनेल बाहेर देणारे साउंड कार्ड (संगणकातला आवाज स्पीकर व हेडफोनपर्यंत पोहोचवणारा भाग) लागते. आपल्या वर्णनात ‘हेडफोनवर क्यू ऐकण्याची सोय’ (क्यू म्हणजे हेच आधी कानात ऐकणे) असे शब्द होते, त्यामुळे असे कार्ड कंट्रोलरमध्येच असणार, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात त्यात साउंड कार्डच नाही. खोक्यात दोन फाटे असलेली एक केबल आहे. ती लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये लावली की डावा चॅनेल स्पीकरकडे जातो, उजवा हेडफोनकडे, आणि दोन्हीकडचा आवाज मोनो होतो. सोय आहे हे शब्दशः खरे, पण त्या सोयीसाठी श्रोत्यांच्या वाट्याचा स्टिरिओ आवाज गमवावा लागतो, हे त्या शब्दांवरून कोणाच्याही लक्षात येणार नाही. माझ्या आवडत्या एका गाण्यातले दोन्ही बाजूंना पसरलेले सिंथचे सूर नुसत्या लॅपटॉपवर भरदार ऐकू येत, आणि तेच गाणे संचावरून वाजवले की ते सूर पातळ होऊन पार मागे जात. डावा आणि उजवा चॅनेल एकत्र मिसळताना उलट फेजमधले ध्वनी एकमेकांना खोडतात, हे मला फार उशिरा समजले. तोवर कित्येक संध्याकाळी मी इक्वलायझर फिरवून तो हरवलेला आवाज परत आणायची धडपड करत बसले होते.

दुसरी गोष्ट कानाने बीट जुळवण्याची, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. या कंट्रोलरवरचा टेम्पोचा, म्हणजे गाण्याचा वेग बदलण्याचा, स्लायडर माझ्या करंगळीएवढाही लांब नाही. तो अगदी केसभर सरकवला, तरी पडद्यावरचा दर मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा १२०.०० वरून थेट १२०.१५ वर जातो. मधला कोणताही वेग मिळतच नाही. कारण शोधण्यासाठी मी लॅपटॉपवर मिडी संदेश (कंट्रोलर लॅपटॉपला पाठवतो ते आकडे) दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम उघडला आणि स्लायडर हळूहळू सरकवत गेले. ६३, ६४, ६५ असे आकडे येत राहिले आणि १२७ वर थांबले. म्हणजे हा स्लायडर सात बिटांचा आहे (सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात) आणि उणे ८ ते अधिक ८ टक्के एवढी सगळी कक्षा त्याने अवघ्या १२८ पायऱ्यांत बसवली आहे. एक पायरी साधारण ०.१२६ टक्क्यांची झाली. दुसऱ्या गाण्याचा नेमका वेग दोन पायऱ्यांच्या मधोमध असेल, तर निम्म्या पायरीचा फरक काही केल्या उरतोच, आणि एका मिनिटात दोन्ही गाण्यांचे ठोके जवळजवळ ३८ मिलिसेकंदांनी फाकतात. एवढे फाकले की दोन किक ड्रम एका ठोक्यासारखे न वाजता अडखळल्यासारखे वाजतात. थोडीफार तफावत जॉग व्हीलला (डेकवरच्या गोल चकतीला) हलका धक्का देऊन सावरायचीच असते, हे मला मान्य आहे. मात्र इथे वेग बरोबर धरला असला तरी दर अर्ध्या मिनिटाला तोच धक्का द्यावा लागतो. चौदा बिटांच्या स्लायडरला १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि ही अडचण राहतच नाही. १९७९ साली आलेल्या टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर याच ८ टक्के कक्षेचा लांब स्लायडर होता आणि त्याला पायऱ्याच नव्हत्या. तेव्हा मी काही नव्या जमान्यातली चैन मागते आहे, असे समजू नये.

या उणिवेची सर्वांत मोठी किंमत मला वेळेच्या आणि आत्मविश्वासाच्या रूपाने मोजावी लागली. अनुभवी माणसाला यंत्राचा दोष दहा मिनिटांत ओळखता येतो. नवशिक्याला चूक आपल्या कानाची की हातातल्या यंत्राची, हे ठरवायला काही आधारच नसतो, आणि तो बिचारा सगळा दोष स्वतःकडे घेतो. मी जवळपास सहा महिने रोज तासभर सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) बंद ठेवून सराव करत होते. रोज गाणी फाकत होती, आणि आपल्याला लयीचे अंगच नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. मग एका परिचितांकडे जुना, वापरलेला, पण लांब स्लायडरचा आणि स्वतःचे साउंड कार्ड असलेला कंट्रोलर हाताळायला मिळाला. नेहमीचीच दोन गाणी लावली. तासाभरात ती कानाने जुळली आणि दोन मिनिटे हात न लावता एकत्र चालली. त्या दिवशी मला आनंदापेक्षा संताप अधिक आला.

हे सारे मी आपल्या ग्राहक सेवा विभागाला कळवले, तेव्हा दोन उत्तरे मिळाली. पहिले, सिंकचे बटण वापरावे. सिंक वापरण्यात कमीपणा आहे असे मी मानत नाही. पण सिंक चालते ते सॉफ्टवेअरने आखलेल्या बीटग्रिडवर, म्हणजे गाण्यातल्या ठोक्यांच्या जागांच्या आखणीवर, आणि माणसाने प्रत्यक्ष ड्रम वाजवून ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या गाण्यांत लय किंचित मागेपुढे होत असल्याने ती ग्रिड सरकते. तेथे कानच लागतो, आणि तो तयार करण्यासाठीच मी हा संच घेतला होता.

दुसरे उत्तर असे की, माझी ‘प्रगती झाली असल्याने’ आता अपग्रेडची वेळ आली आहे, आणि सोबत चार चॅनेलच्या (म्हणजे एकाच वेळी चार गाणी मिसळता येणाऱ्या), मोटरवर फिरणाऱ्या प्लेटच्या एका मॉडेलची शिफारस होती. हे वाचून मला वाईट वाटले. अपग्रेडची वेळ येते, ती हाताला यंत्र अपुरे पडू लागल्यावर. मोठ्या जागेत लांब केबल टाकावी लागली आणि साध्या आरसीए जोडणीतून गुणगुण येऊ लागली, तर ती रोखणारे बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुट असलेला कंट्रोलर घ्यावा. स्वतःला ऐकण्यासाठी बूथ आउटपुट (डीजेजवळच्या स्पीकरची वेगळी जोडणी) हवे झाले, स्क्रॅचिंगसाठी घर्षणाने न झिजणारा चुंबकीय क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा आडवा स्लायडर) हवा झाला, किंवा लॅपटॉप बाजूला ठेवून थेट पेन ड्राइव्हवरून वाजवायचे ठरले, तरीही तो खर्च समजण्यासारखा आहे. यांपैकी कोणतीही गरज मला अजून पडलेली नाही. दोन गाणी धड जुळवता येत नसताना तिसरा आणि चौथा चॅनेल घेऊन मी काय करणार? मला हवे ते इतकेच : दोन चॅनेल, प्रत्येकाला गेन (आवाजाची पातळी जुळवण्याचे बटण) आणि तीन पट्ट्यांचा इक्वलायझर, दोन स्टिरिओ जोड्यांचे साउंड कार्ड आणि बारीक पायऱ्यांचा लांब स्लायडर. याला मी अपग्रेड म्हणत नाही. नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळायला हवा असा हा संच आहे. दिव्यांचे पॅड आणि इफेक्टची बटणे यांतली निम्मी नसती तरी माझे काही अडले नसते.

ओघात आणखी एक नोंदवते. संचासोबतच्या सॉफ्टवेअरच्या मर्यादित आवृत्तीत स्वतःचे वाजवणे रेकॉर्ड करता येत नाही. वाजवताना न जाणवलेली चूक दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकताना लगेच पकडता येते, त्यामुळे शिकणाऱ्याला या सोयीची गरज सर्वांत जास्त असते.

तरी माझी विनंती अशी की, हा संच परत घेऊन त्याची पूर्ण किंमत वर सांगितलेल्या किमान गोष्टी असलेल्या दोन चॅनेलच्या कंट्रोलरमध्ये वळती करावी. फरकाची रक्कम भरण्यास मी तयार आहे. तसेच संकेतस्थळावरील वर्णनात कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड नसल्याचे, क्यू वापरताना आवाज मोनो होत असल्याचे आणि टेम्पोचा स्लायडर सात बिटांचा असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहावे. ग्राहकाला महागडे मॉडेल सुचवण्यापूर्वी तो काय वाजवतो, कोठे वाजवतो आणि नेमका कोठे अडतो, एवढे तरी आपल्या प्रतिनिधींनी विचारावे, अशीही माझी अपेक्षा आहे.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांच्या आत मिळावे. मिडी संदेशांची पडद्यावरील छायाचित्रे आणि दोन्ही कंट्रोलरवर तीच गाणी जुळवतानाची ध्वनिमुद्रणे मी जपून ठेवली आहेत. आपल्या तांत्रिक विभागाला हवी असल्यास लगेच पाठवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, ग्राहक सेवा विभागाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत