सायंकाळी सहानंतर जाऊन पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकात वृद्धनिवासांच्या जाहिराती वाढलेल्या दिसतात आणि त्यांतील बऱ्याच जाहिरातींत ‘स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष’ ही ओळही आता ठळक टाइपात असते. माझे यजमान 78 वर्षांचे असून गेली सहा वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. चार वर्षे त्यांना घरी सांभाळल्यावर, माझ्या पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना उचलणे-बसवणे मला जमेनासे झाले, तेव्हा मी सिंहगड रस्ता, मुळशी आणि तळेगाव या पट्ट्यातील नऊ ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन पाहिली. त्या पाहणीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या इतरांच्या होऊ नयेत आणि या विषयात शासनाने काय करायला हवे हेही मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा काही मोजक्या घरांचा प्रश्न राहिलेला नाही. देशव्यापी पाहणीच्या आधारे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतल्या बहुसंख्य लोकांना घरचेच सांभाळतात, आणि ‘म्हातारचळ लागला’ म्हणून पुष्कळांचे निदानही होत नाही. ज्यांना संस्थेचा आधार घ्यावा लागतो त्यांना नातेवाइकांचे ‘नवऱ्याला टाकला’ हे वाक्य ऐकावे लागते. मीही ते ऐकले आहे. त्याचा एक तोटा असा, की अपराधीपणाच्या भावनेने माणूस घाईने निर्णय घेतो आणि जे ठिकाण स्वतःच्या मनाला बरे वाटेल ते निवडतो. रुग्णाला तिथे कसे वाटेल हा प्रश्न बाजूला राहतो.

पहिल्या तीन ठिकाणी मी हेच केले. सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून गेले. बाग, गणपतीचे छोटे देऊळ, स्वच्छ फरशी, आठवड्याचा आहार लिहिलेला फळा आणि मोठ्या टीव्हीसमोर अर्धवर्तुळात बसलेली, न्हाऊन माखून तयार झालेली मंडळी पाहून मी समाधानाने परतले. सकाळी अकराची वेळ सर्वांचीच चांगली असते, हे मला माझ्या घरच्या अनुभवावरून ठाऊक असायला हवे होते. या आजारात पुष्कळांची घालमेल दिवस कलू लागला की वाढते. उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा येतो आणि माणूस ‘घरी जायचंय’ म्हणत दाराशी जाऊन उभा राहतो. बहुतेक संस्थांत दिवसपाळीच्या मावशी नेमक्या त्याच सुमारास निघतात आणि रात्रपाळीची माणसे यायची असतात. ज्या वेळी माणसांची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी हाताशी माणसे सर्वांत कमी. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की सायंकाळी सहा ते साडेआठ या वेळेत, न कळवता, आणि किमान दोनदा जावे. ‘भेटीची वेळ फक्त दहा ते बारा’ असे जिथे सांगितले जाते, तिथे त्यामागचे कारण विचारावे.

यजमान एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीसएक वर्षे त्यांनी स्थानकाच्या खिडकीत बसून गाड्या लावल्या. अजूनही दिवेलागणीला ते उठतात आणि ‘मुक्कामी गाडी लागली का?’ असे विचारत फिरू लागतात. दोन संस्थांत मी त्यांना एकेक दिवस सोबत नेले होते. पहिल्या ठिकाणी त्यांनी हा प्रश्न विचारल्यावर तिथला मुलगा म्हणाला, “आजोबा, इथं कुठली आली गाडी? बसा गप.” यजमानांचा आवाज चढला, हात थरथरू लागले आणि पुढचा तासभर त्यांना आवरणे कठीण झाले. त्या संस्थेच्या नोंदवहीत ‘रुग्ण आक्रमक’ असे लिहिले गेले. दुसऱ्या ठिकाणच्या मावशींनी तोच प्रश्न ऐकला, हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “लागली ना साहेब, तीन नंबरच्या फलाटाला. डायवर-कंडक्टर जेवायला गेलेत, तोवर तुम्ही पण दोन घास खाऊन घ्या.” यजमानांनी मनगटाकडे पाहिले, घड्याळ नव्हते तरी पाहिले, ‘बरं’ म्हणाले आणि ताटावर बसले. त्या मावशी फार तर सातवी-आठवी शिकलेल्या असतील. पहिल्या संस्थेच्या भिंतीवर मात्र प्रशिक्षणाची पाच प्रमाणपत्रे लावलेली होती. संस्था पाहायला जाताना शक्य असेल तर रुग्णाला सोबत न्यावे, आणि तो दहाव्यांदा तोच प्रश्न विचारतो तेव्हा त्याला काय उत्तर मिळते ते कान देऊन ऐकावे.

दुसरी गोष्ट बांधून ठेवण्याची. एका ठिकाणी खिडकीपाशी एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले होते आणि त्यांच्या कमरेभोवती जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळून खुर्चीच्या पाठीला गाठ मारलेली होती. ते ती गाठ सोडवण्याचा प्रयत्न करीत होते. गाठ मागे आणि हात पुढे. “पडू नयेत म्हणून, मॅडम,” असे व्यवस्थापकांनी अगदी सहज सांगितले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 या बाबतीत स्पष्ट आहे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञांची परवानगी असेल तेव्हाच, आणि अगदी आवश्यक तेवढ्याच वेळापुरते, रुग्णाला जखडून ठेवता येते. त्याची कारणासह नोंद करावी लागते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, 24 तासांच्या आत कळवावे लागते. केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणाने कुणाला बांधता येणार नाही, असेही कलम 97 मध्ये लिहिलेले आहे. याच कायद्याने केलेल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांचा उल्लेख आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेने ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मी नऊ ठिकाणी विचारले. दोघांनी प्रमाणपत्र दाखवले, एकाने ‘प्रक्रियेत आहे’ म्हटले आणि बाकीच्यांनी धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाची किंवा दुकाने व आस्थापनांची नोंदणी पुढे केली. न्यास कायदेशीर आहे एवढेच त्या कागदावरून कळते. तिथे राहणाऱ्या माणसाची काळजी कशी घेतली जाते हे कळत नाही.

बांधण्याचा एक न दिसणारा प्रकारही असतो, तो गोळ्यांचा. भर दुपारी सगळा कक्ष माना खाली घालून पेंगत असेल तर त्याला शांतता समजू नये. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारख्या मनोविकारांवरील औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच या औषधांच्या माहितीपत्रकात छापायला लावला. काही रुग्णांना ती द्यावी लागतात, आमच्या डॉक्टरांनीही यजमानांना काही काळ दिली होती. पण कोणती गोळी कोणी, कशासाठी सुरू केली आणि ती कमी करण्याचा विचार कधी होणार, याचे उत्तर संस्थेपाशी असलेच पाहिजे. त्याचप्रमाणे, आदल्या दिवसापर्यंत बरा असलेला माणूस एकाएकी बरळू लागला तर ‘आजार वाढला’ असे म्हणून झोपेची गोळी देणारी संस्था टाळावी. अशा वेळी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातले पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध हे कारण पुष्कळदा निघते आणि ते उपचाराने बरे होते. ‘असे झाल्यास तुम्ही आधी काय करता?’ हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला. लघवीची तपासणी करतो, असे उत्तर फक्त तिघांनी दिले.

‘स्टाफ किती?’ या प्रश्नाला सर्वत्र भरघोस आकडा मिळतो, कारण त्यात स्वयंपाकी, माळी आणि चालकही धरलेले असतात. त्याऐवजी ‘काल रात्री दोन वाजता या मजल्यावर जागे कोण होते?’ असे विचारून पाहावे. एका ठिकाणी चौदा रुग्णांमागे एकच मावशी होत्या आणि त्या दाराशी आडवी चटई टाकून झोपत, म्हणजे कुणी बाहेर निघाले तर त्यांच्या अंगावर पाय पडून जाग येईल. ही व्यवस्था मला व्यवस्थापकांनी कौतुकाने सांगितली! जो रुग्ण अंथरुणाला खिळला आहे त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. ती कोण बदलते, आणि बदलल्याची नोंद वहीत आहे का, हे पाहावे. महिन्याच्या वजनाची वहीही मागावी. या आजारात माणूस चावायचे, गिळायचे विसरतो. भरवायला पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ कुणाला नसला की वजन उतरत जाते. घाईने, आडव्या स्थितीत भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

एका ठिकाणी परिचारिकेच्या टेबलावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात नऊ-दहा चष्मे एकात एक अडकलेले होते. कुणाचा कोणता, ते विचारल्यावर ‘सगळ्यांचे सारखेच नंबर असतात हो’ असे उत्तर मिळाले. आधीच जग धूसर झालेल्या माणसाच्या नाकावर दुसऱ्याचा चष्मा! त्या डब्याने त्या संस्थेविषयी मला जे सांगितले ते त्यांच्या चकचकीत माहितीपत्रकात नव्हते.

प्रवेशाच्या वेळी आपण संस्थेला पारखतो, तसे संस्थेने आपल्याला काय विचारले यावरूनही पुष्कळ समजते. बहुतेक ठिकाणी आधारकार्ड, धनादेश आणि ‘मारतात का?’ एवढ्यावर चौकशी संपली. जी संस्था मी शेवटी निवडली तिथल्या बाईंनी तासभर बसवून घेतले. यजमानांना चहा बशीतून लागतो की कपातून, आंघोळ सकाळची की संध्याकाळची, कोणत्या नावाने हाक मारली की वळून पाहतात, कशाची भीती वाटते, असे सगळे लिहून घेतले. ‘मुक्कामी गाडी’ही लिहून घेतली.

खर्चाविषयी थोडक्यात सांगते. मला दरमहा 25 हजारांपासून 60 हजारांपर्यंत आकडे सांगितले गेले. डायपर, औषधे आणि रुग्णालयात सोबत पाठवलेला माणूस यांचे पैसे निराळे. करारातील ‘वर्तन असह्य झाल्यास रुग्णास 48 तासांत घरी न्यावे लागेल’ यासारखे कलम शोधून वाचावे, कारण वर्तन बदलणे हाच या आजाराचा भाग आहे. आयुष्मान भारत योजनेचे सत्तरीपुढच्यांसाठीचे पाच लाखांचे छत्र रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, संस्थेतील निवासाला त्याचा उपयोग नाही.

हे सर्व एका 73 वर्षांच्या बाईने रिक्षाने हिंडून शोधायचे असते का? ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी 2007 मध्ये केलेल्या कायद्यात, राज्याला प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढता येईल, असे म्हटले आहे. खासगी संस्थांच्या दर्जाविषयी त्यात बंधन नाही. नोंदणी आणि किमान निकष आणणारे दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक निवासी काळजीगृहाची तपासणी होते, त्याला श्रेणी मिळते आणि अहवाल कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे एवढे सगळे लगेच होणार नाही हे मला समजते. परंतु प्रत्येक संस्थेच्या दर्शनी भागात नोंदणी क्रमांक, रुग्णसंख्या, रात्रपाळीत जागे असणाऱ्यांची संख्या, भेट देणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि तक्रार कुठे करावी याचा फलक लावणे राज्य शासनाला एका आदेशाने सक्तीचे करता येईल. ज्येष्ठांसाठीची 14567 ही मदतवाहिनीही त्या फलकावर असावी. आणि वर्षातून एकदा तरी तपासनीस न कळवता यावा, तोही सायंकाळी.

तक्रारी येत नाहीत, असे संबंधित खात्यांकडून सांगितले जाते. त्या का येत नाहीत याचे कारण साधे आहे. मी निवडलेली संस्था पुष्कळ चांगली आहे, तरीही गेल्या महिन्यात यजमानांच्या दंडावर चार बोटांचे वळ दिसले आणि मी ‘हे कसे झाले?’ एवढेच, तेही हसून, विचारले. रात्री त्यांना भरवणारे आणि त्यांची कूस बदलणारे हात त्याच घरातले आहेत. याच कारणासाठी, पत्र छापल्यास माझे नाव व पत्ता कृपया प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे