साथीत कोणता निर्णय कोणाचा?

मा. संपादक,
स. न.

साथीच्या काळात निर्णय केंद्राने घ्यावेत की स्थानिक यंत्रणेने, हा वाद निर्णयांची वर्गवारी केल्याशिवाय सुटणार नाही.

खरेदी वरूनच व्हावी. 2020 च्या वसंतात अमेरिकेतली राज्ये व्हेंटिलेटरसाठी एकमेकांविरुद्ध बोली लावत होती आणि भाव चढत होते. भारतात 1 मे 2021 पासून कोविड लशींचा 25 टक्के वाटा राज्यांनी विकत घ्यायचा असे ठरले. काही राज्यांनी जागतिक निविदा काढल्या, पण बड्या परदेशी कंपन्यांनी व्यवहार केंद्राशीच करू असे कळवले. 21 जूनपासून ती खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली. रुग्णाची व्याख्या आणि चाचणीचे निकषही एकच हवेत, नाहीतर दोन जिल्ह्यांचे आकडे ताडून पाहता येत नाहीत.

शोध आणि अटकाव मात्र खालीच. 1854 च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनच्या सेंट जेम्स पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक प्रभागाच्या) मंडळाने, रोग पाण्यातून पसरतो असे सांगणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांचे म्हणणे ऐकले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे मान्य. पण वरचे आरोग्य मंडळ नंतरही दूषित हवेलाच दोष देत राहिले.

सर्वाधिक घोटाळा होतो तो निर्बंधांच्या निकषांत. 'लाखामागे रुग्ण' हे माप छोट्या वस्तीत फसते: 2,000 लोकांत 4 रुग्ण म्हणजे लाखामागे 200. चौघे एकाच घरातले असतील तर सारे गाव बंद करून काय साधणार? तपासलेल्यांपैकी बाधितांचे प्रमाण पाहावे, तर केवळ लक्षणे असलेल्यांना तपासले की ते फुगते आणि सरसकट तपासणी केली की घसरते. म्हणून रुग्णसंख्या, बाधितांचे प्रमाण व भरलेल्या खाटा एकत्र पाहाव्यात, आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार जागेवरच्या आरोग्य अधिकाऱ्याला असावा.

अधिकार दिला आणि पैसा दिला नाही, तर तो कागदावरच राहतो. पहिल्या आठवड्याचा खर्च पूर्वमंजुरीविना करता यावा, हिशेब नंतर तपासावा. आणि रुग्ण कळवल्याबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारला जात असेल, तर आकडे दडवले जाणारच. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार देशाने घटनेचे मूल्यमापन 48 तासांत करायचे आणि ती गंभीर ठरल्यास पुढच्या 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे असते. खालची पहिली नोंदच उशिरा आली, तर ही मुदत पाळूनही उपयोग नाही.

स्थानिक आदेशांनाही मुदत हवी: सात दिवस. त्यापुढे ते वाढवायचे असतील तर कारणे लेखी द्यावीत आणि वरच्या पातळीने ती तपासावीत.

— एक वाचक