मूळ दाखले देण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू रागाने फोन ठेवलास. पुन्हा बोलायला लागलो तर पुन्हा आपल्या दोघींचे आवाज चढतील, म्हणून लिहिते आहे. शनिवारपर्यंत पहिला हप्ता आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जमा केल्या नाहीत तर जागा जाईल, असे त्या मेडिकल असिस्टंट कोर्सच्या संस्थेने तुला सांगितले आहे. हप्त्याचे आम्ही बघू, बाबांनी सोसायटीत शब्द टाकला आहे. पण मूळ कागद देऊ नकोस. पडताळणीसाठी दाखव, झेरॉक्स दे आणि तिथल्या तिथे परत घे. वरच्या आळीतल्या सुरेखाच्या मुलीने असेच कागद दिले होते आणि कोर्स सोडायची वेळ आली तेव्हा पूर्ण वर्षाची फी भरल्याशिवाय ते मिळणार नाहीत, असे तिला ऐकवले गेले. तेवढ्यात दुसरीकडचे प्रवेश संपले.

तू पाठवलेले माहितीपत्रक मी दोन्ही बाजूंनी वाचले. एका वर्षात इंजेक्शन, सलाइन, ईसीजी, ऑपरेशन थिएटर, प्रयोगशाळा असे सगळे शिकवून ‘मेडिकल असिस्टंट’ करणार म्हणतात. परंतु परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्रावर कोणत्या परिषदेची मान्यता असणार आणि प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होणार, यांविषयी त्यात एक ओळही नाही. तुला माझ्यासारखी सिस्टर व्हायचे नाही, हे मला समजते. उपकेंद्रातल्या अवेळीच्या हाका तू लहानपणापासून ऐकल्या आहेस. तरी एवढे ध्यानात घे, की नर्सिंगच्या शिक्षणात एएनएम दोन वर्षांचे आणि जीएनएम तीन वर्षांचे असते आणि त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, म्हणूनच माझ्या सहीला किंमत आहे. प्रयोगशाळा किंवा ऑपरेशन थिएटरकडे तुझा ओढा असेल तर त्यांचेही रीतसर डिप्लोमे आहेत. या सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने जो कायदा केला, त्यात किमान २००० तासांचे आणि दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारे शिक्षण धरले आहे. मग एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन तू उद्या कुठे उभी राहणार? आणि लवकर कमवायचेच असेल तर जनरल ड्युटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्सही आहे. रुग्णाला स्पंज करणे, कूस बदलणे, भरवणे, नाडी आणि ताप पाहणे ही कामे त्यात शिकवतात. इंजेक्शनचा अधिकार त्याने मिळत नाही. ज्याचे जे आहे ते त्यात सरळ सांगितलेले असते, म्हणून त्याला मी नावे ठेवणार नाही.

रुग्णालयाचे नाव मी पुन्हा पुन्हा विचारते याला कारण आहे. सरावासाठीच्या रबराच्या हातावर शीर लगेच सापडते, कारण ती जागची हलत नाही. जुलाबाने पाणी कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाची शीर मात्र सुईखालून सरकते, आणि ती अंगठ्याने कातडी ताणून कशी धरायची, हे खाटेजवळ उभे राहूनच कळते. बीसीजी देताना सुई कातडीच्या खाली न जाता कातडीतच राहावी लागते. बाळाच्या डाव्या दंडावर तो लहानसा पांढुरका फुगवटा उठला, तरच लस नेमकी गेली असे समजायचे. आमच्या ट्यूटर तो दिसेपर्यंत शेजारून हलत नसत. तुझ्या शेजारी असे कोण उभे राहणार आहे, हे त्या ऑफिसातल्या माणसाला विचारलेस का?

पुन्हा उपदेशच झाला. रागावू नकोस. तुझ्या हाताविषयी मला कधीच शंका नव्हती. तात्यांचे इन्सुलिन तू आठवीत असल्यापासून सांभाळलेस. लोडशेडिंगमध्ये बाटली खराब होऊ नये म्हणून ती डब्यात घालून माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवायचे तुलाच सुचले, आणि पोटावर काल कोणत्या बाजूला दिले ते तू कॅलेंडरवर ‘डा’ आणि ‘उ’ असे लिहून ठेवायचीस. तात्या माझ्याकडून टोचून घ्यायला कुरकुर करत आणि तुझ्यापुढे मुकाट सदरा वर करत. ते कॅलेंडर वन्संनी अजून जपून ठेवले आहे. डॉक्टरांनी त्या वेळी तुझ्याविषयी जे उद्गार काढले, ते मी कामावर किती जणींना सांगितले असतील, याची तुला कल्पना नाही.

तू घाई का करते आहेस हे आम्हा दोघांनाही कळते. बाबांनी पट्टा बांधून पुन्हा पोती उचलायला सुरुवात केली, हे दादाने तुला सांगायला नको होते. त्यांच्या पाठीसाठी तू तुझे वर्ष आणि तुझे कागद कुणाच्या कपाटात अडकवून ठेवावेस, हे त्यांना मुळीच नको आहे. मी विचारले, तेव्हा ते जेवता जेवता उठून गेले. दोन-तीन वर्षांचा खर्च आपल्याला झेपेल. माझ्या पगारातून होईल, फार तर घराचा गिलावा पुढे जाईल.

शुक्रवारचे लसीकरण आटोपले की संध्याकाळच्या एसटीने मी निघते; स्वारगेटहून हडपसरला माझी मी येईन, मावशीला जागे राहायला सांगू नकोस. शनिवारी सकाळी आपण दोघी त्या संस्थेत जाऊ आणि तिथून, त्यांनी नाव सांगितले तर, त्या रुग्णालयात. प्रश्न तू विचार. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई